डबा गेला, पोटात किती गेलं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : आई-बाबा लालबागला चाळीत राहतात, मी लग्न होऊन मुलुंडला. बाबा ६७ वर्षांचे. गेले चार महिने चार घास खाल्ले की त्यांचं पोट भरायचं, संध्याकाळी उलटी व्हायची. वजन ६४ किलोवरून ५३ वर आलं. दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ दिसली, बायोप्सीत कॅन्सर निघाला. आठ दिवसांपासून ते एका मोठ्या हॉस्पिटलात दाखल आहेत. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण सर्जन आता म्हणतात, "या वजनावर मी पोट उघडणार नाही. दोन आठवडे नाकातून नळी घालून आहार देऊ, मग ऑपरेशन." दादा भडकलाय. गाठ वाढत असताना हे लोक खायला घालत बसणार, असं त्याचं म्हणणं. ओळखीच्या नर्सिंग होममध्ये नेऊन पाच दिवस ताकदीचं सलाईन चढवू आणि दुसऱ्या सर्जनकडून ऑपरेशन करून घेऊ, म्हणतो. बाबा नळीला हातच लावू देत नाहीत, काकांना शेवटच्या दिवसांत तशीच नळी घातली होती. आई पहाटे उठून पेज, मुगाचं पाणी, साबुदाण्याची कांजी करते आणि मी डबा पोचवते. तिला वाटतं, आपणच कुठेतरी कमी पडलो. नळीला हो म्हणावं की हॉस्पिटल बदलावं? ता. क. बाबांना आम्ही अल्सर आहे असंच सांगितलंय.

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या ता. क.पाशी अडकले. तिथे येतेच. पण आधी दादाशी बोलू, कारण हॉस्पिटल बदलायचं झालं तर ते तोच बदलेल.

दादाच्या रागात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: उपचार म्हणजे ऑपरेशन, आणि त्याआधीचं सगळं म्हणजे वेळकाढूपणा. वॉर्डात बसलेल्या शंभर माणसांना विचारलंत तर नव्वद हेच म्हणतील, त्यामुळे दादाला दोष नाही. पण आकडा बघा. ६४ मधले ११ किलो गेले, म्हणजे १७ टक्के, आणि तेही चार महिन्यांत. हे ११ किलो म्हणजे नुसती चरबी नाही. त्यात स्नायूही गेले. छातीचे गेले, पोटाचे गेले, ज्यांच्या जोरावर माणूस ऑपरेशननंतर खोकून कफ बाहेर टाकतो ते गेले. त्यांत जोर नसला की कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. शिवाय जठराचा भाग काढला की उरलेलं जठर आणि आतडं एकमेकांना शिवावं लागतं. तो जोड सर्जनचा दोरा काही दिवस धरून ठेवतो, पुढे तो शरीरालाच भरून काढायचा असतो. त्याचा कच्चा माल म्हणजे प्रोटीन. कच्चा माल नसेल तर जोड सुटू शकतो, आणि सुटलेला जोड काय करतो ते मी इथे लिहीत नाही.

ही आजची फॅशन नव्हे. १९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉ. हायरम स्टडली यांनी अल्सरच्या ऑपरेशनच्या ४६ पेशंटांचा हिशेब मांडला. ज्यांचं वजन आधीच २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांतले एकतृतीयांश दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण साडेतीन टक्के होतं. भूल, प्रतिजैविकं, अतिदक्षता, सगळं तेव्हापासून सुधारलं, म्हणून आज आकडे इतके भयानक नसतात, पण दिशा तीच आहे. युरोपातल्या वैद्यकीय पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की कुपोषण तीव्र असेल तर मोठ्या ऑपरेशनआधी ७ ते १४ दिवस पोषण द्या, कॅन्सरसाठी ऑपरेशन थांबवावं लागलं तरी. तुमच्या सर्जननी पुस्तकातलीच गोष्ट केलीय. आणि खरं सांगू का, ठरलेलं ऑपरेशन यादीतून काढणं सर्जनला सोपं नसतं. "नाही" म्हणणारा सर्जन मला तरी "घ्या टेबलावर" म्हणणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

गाठ दोन आठवड्यांत वाढेल का? ती तयार व्हायलाच बरेच महिने गेलेत. चौदा दिवसांच्या वाढीपेक्षा अशक्त शरीरावर केलेल्या ऑपरेशनचा धोका मोठा, असा हा हिशेब आहे. दादाने सर्जनला एवढं जरूर विचारावं: "चौदा दिवसांनंतरची तारीख आत्ताच मिळेल का? आणि या दिवसांत सुधारणा होतेय हे तुम्ही कशावरून ठरवणार?" तारीख हातात असली की निम्मा राग उतरतो. ऑपरेशनआधी किमो देणार का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. पोटाच्या कॅन्सरमध्ये ते बऱ्याचदा आधी देतात, आणि पोषण त्यासाठीही लागतंच. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला माझी ना नाही. फाइल घेऊन जा, पेशंटला नका हलवू. जाताना मोबाइलवर आलेला "कॅन्सरला उपाशी ठेवा, गाठ सुकते" हा सल्ला मात्र घरीच ठेवा. उपाशी राहतो तो माणूस. गाठ आपला वाटा त्याच्या स्नायूंतून काढून घेते.

आता ते ताकदीचं सलाईन.

मला वाटतं मुंबईतल्या प्रत्येक गल्लीतल्या दवाखान्यात ही समजूत राहते. अंगात ताकद नाही? दोन बाटल्या चढवा. ५ टक्के डेक्स्ट्रोजची ५०० मिलीची बाटली म्हणजे २५ ग्रॅम साखर. कॅलरी साधारण ८५, म्हणजे एक पोळी, तीही तूप न लावलेली. नॉर्मल सलाईन असेल तर त्यात मीठ आणि पाणी, कॅलरी शून्य. बाटली पिवळीधम्मक दिसत असेल तर त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन मिसळलंय, रंग त्याचा. नातेवाइकांना पिवळी बाटली फार आवडते, बिनरंगी बाटलीपेक्षा ती "पॉवरफुल" वाटते. व्हिटॅमिन उपयोगी आहे, पण त्यात प्रोटीन नाही. पाच दिवस रोज तीन बाटल्या चढवल्या तरी बाबांना दिवसाला अडीचशे कॅलरी मिळतील आणि प्रोटीन अजिबात नाही. सलाईन पाणी आणि क्षार भरून काढायला असतं. उलट्या होणाऱ्या माणसाला ते हवंच. जेवण म्हणून त्याच्याकडे बघू नका.

शिरेतून पूर्ण आहार देता येतो, ते खोटं नाही. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. स्टॅनली डड्रिक यांनी आधी कुत्र्याच्या पिल्लांवर आणि मग माणसांवर ते करून दाखवलं, आणि ज्यांचं आतडं कामच करत नाही अशा असंख्य माणसांचे त्यामुळे प्राण वाचले. ती पिशवी वेगळी असते. स्निग्ध पदार्थांमुळे दुधासारखी पांढरी, बहुधा मानेजवळच्या किंवा दंडाच्या मोठ्या शिरेतून आत सोडलेल्या नळीने हळूहळू जाणारी. रोज रक्त तपासावं लागतं, साखर चढते, त्या नळीतून जंतू थेट रक्तात जाण्याची भीती असते आणि खर्च भरपूर. म्हणून जगभर एक साधा नियम पाळतात: आतडं चालतंय ना, मग आतडंच वापरा. तुमच्या बाबांचं आतडं ठीक आहे, अडलंय फक्त जठराचं दार. नळी त्या दारातून पलीकडे नेता आलीच नाही, तर मग शिरेतून आहार हा योग्य पर्याय ठरेल. पण तो मोठ्या हॉस्पिटलात, नर्सिंग होमच्या पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये नाही.

या ओघात अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनचंही सांगते, कारण हा प्रश्न मला फार येतो. रक्तातलं अल्ब्युमिन कमी आलं की घरचे म्हणतात, बाटली आणून चढवूया. आजारपणातली सूज आणि जंतुसंसर्ग यांनीही ते उतरतं, नुसतं जेवण कमी पडल्यानेच नव्हे. ती महागडी बाटली काही ठराविक कारणांसाठी डॉक्टर देतात. तिच्याने पोट भरत नाही.

आता आईंकडे येते, आणि इथे जरा जपून बोलायचंय.

तीस वर्षं मी मुंबईतल्या हॉस्पिटलांत आहारतज्ज्ञ म्हणून काढली. वॉर्डात आम्हाला "डाएटवाल्या मॅडम" म्हणत, आणि आमचं काम म्हणजे काय खायचं नाही ते सांगणं, अशी सगळ्यांची खात्री. पथ्य काय? भाताने जखमेत पू होतो का? अंडं गरम पडेल का? आंबटाने टाके चिघळतात ना? (भाताने पू होत नाही. जंतूंनी होतो.) एवढ्या वर्षांत "आज पोटात एकूण किती गेलं?" असं आपणहून विचारणारे नातेवाईक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. विरारहून पहिल्या लोकलने नवऱ्याचा डबा आणणारी एक बाई मला अजून आठवते. दुपारी तोच डबा जिन्यात बसून ती स्वतः संपवायची, कारण टाकवत नव्हता. फाइलवर लिहिलेलं असायचं: घरचा आहार, सुरू. डबा येत होता, हे खरंच होतं.

दुसऱ्यांना काय सांगू! माझ्या आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मोठ्या आत्याच्या धाकाने मी, शिकली-सवरलेली आहारतज्ज्ञ, तिला आठवडाभर पेजेवर ठेवलं होतं.

तर पेजेचा हिशेब. एका वाटी पेजेत साधारण २० ग्रॅम तांदूळ असतो. कॅलरी ७०, प्रोटीन दीड ग्रॅम. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था धडधाकट माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगते. ऑपरेशनला निघालेल्या माणसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम आणि २५ ते ३० कॅलरी लागतात. बाबांच्या ५३ किलोला म्हणजे रोज ६५ ते ८० ग्रॅम प्रोटीन आणि १३०० ते १६०० कॅलरी. नुसत्या पेजेतून हे प्रोटीन गाठायचं तर चाळीसहून जास्त वाट्या! मुगाचं पाणी गाळून दिलं की प्रोटीन गाळणीत राहतं, कारण ते डाळीत असतं. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ. नारळपाणी, मोसंबीचा रस तहानेसाठी चांगले, पण त्यांत प्रोटीन जवळजवळ नाही. आपल्याकडे "हलकं" आणि "पौष्टिक" हे शब्द जोडीने फिरतात. आजारपणात ती जोडी फुटते.

हे आईंना असं सांगू नका. "तुझ्या पेजेत काही नसतं" हे वाक्य चार महिने पहाटे उठणाऱ्या बाईला कुणी ऐकवू नये. पेज बदलायची नाही, तिच्यात भर घालायची. डॉक्टरांनी तोंडाने पातळ द्यायला परवानगी दिलीय असं धरून सांगते. पाण्याऐवजी दुधात शिजवा, वर दोन मोठे चमचे दुधाची पावडर घाला, त्यात सुमारे ५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. दूध पचत नसेल तर मूगडाळ मऊ शिजवून मिक्सरमधून सरबरीत करा, पण गाळून टाकू नका. तूप पाव चमचा नव्हे, चांगलं चमचाभर. केमिस्टकडचा प्रोटीनचा डबा आणलात तर डब्यातल्या मापाने द्या. बहुतेक घरांत तो चहाच्या चमच्याने, चव घेतल्यासारखा दिला जातो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि जिमवाल्यांचा डबा तर नाहीच. बाबांच्या जठराचं दार अरुंद झालंय, म्हणून संत्र्याची फोड, पालेभाजीचे देठ, शेवग्याची शेंग असं चोथ्याचं काही देऊ नका, तिथेच अडकेल. एका वेळी अर्धी वाटी, बसवून, दोन दोन तासांनी.

आणि एक वही करा. डबा किती वाजता आला हे लिहायचं नाही. पोटात किती चमचे, किती वाट्या गेल्या, आणि संध्याकाळी उलटी किती झाली ते लिहायचं. उलटीत गेलेलं वजा करायचं. तीन दिवसांनी ती वही घेऊन वॉर्डातल्या आहारतज्ज्ञांकडे जा. मला शंका आहे की बेरीज पाचशे कॅलरींच्या आसपास येईल. तसं झालं तर नळी कशासाठी, हा प्रश्न दादाला विचारावा लागणार नाही. आणि वाटलं त्यापेक्षा खूप जास्त निघालं, तर तोंडाने देऊन भागेल का, हे सर्जनना विचारायला तुमच्याकडे काहीतरी ठोस असेल. ही वही डॉक्टरांच्या निर्णयाच्या आड मात्र आणू नका. ते म्हणाले आजच नळी, तर आजच.

नळीबद्दल.

तुमच्या काकांना कोणती नळी होती मला माहीत नाही. बहुधा राइल्स ट्यूब असावी, जठरात संपणारी, जरा जाड. शेवटच्या दिवसांत घातलेली नळी घरच्यांच्या डोळ्यांसमोरून जात नाही, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. बाबांसाठी सुचवलीय ती बहुधा त्याहून बारीक असेल, बॉलपेनच्या रिफिलएवढी. दुर्बिणीच्या मदतीने ती गाठीच्या पलीकडे लहान आतड्यात नेऊन ठेवतात. पहिला दिवसभर घशाला टोचते, नाक चुरचुरतं. मग सवय होते. तिच्यासकट बोलता येतं, वॉर्डात फेऱ्या मारता येतात, पेपर वाचता येतो. चालायला तर लावाच. नुसत्या आहाराने स्नायू परत भरत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं. आणि मुख्य म्हणजे तिला शेवटची तारीख आहे. काकांच्या नळीला ती नव्हती. एवढा फरक बाबांना कुणी सांगितलाय का?

सांगितला नसणार, कारण तो सांगायचा तर का हेही सांगावं लागतं. इथे तुमचा ता. क. येतो.

ताई, तुम्ही बाबांना अल्सर सांगितलात तो प्रेमापोटी, हे मी समजू शकते. पण बाबांच्या जागी बसून बघा. साधा अल्सर. त्यासाठी ऑपरेशन. तेही लांबणीवर. आणि आता नाकात नळी, मोठ्या भावाला घातली होती तशी. मुलगा हॉस्पिटल बदलायचं म्हणतो, मुलगी डोळे पुसते. यातून कुठलाही शहाणा माणूस एकच अर्थ काढेल: माझं संपत आलंय आणि हे लपवतायत. तुम्ही ज्याला हट्ट म्हणताय तो मला हट्ट वाटत नाही. ते समोर दिसतंय त्यावरून निर्णय घेतायत, आणि त्यांच्यासमोर तुम्ही चुकीचा कागद ठेवलाय.

ज्या आजाराचं नावच सांगितलं नाही, त्याच्या उपचाराला होकार मागायचा, हे मला न्यायाचं वाटत नाही. कसं सांगायचं, हे मात्र तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही. अनेक घरांत असं केलेलं मी पाहिलंय: सर्जनना आधी कल्पना द्यायची, संध्याकाळी वॉर्ड शांत असताना त्यांना पलंगाशी बोलावायचं, आणि पहिला प्रश्न डॉक्टरांनीच विचारायचा, "काका, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायला आवडेल?" काही जण म्हणतात, सगळं सांगा. काही म्हणतात, पोराशी बोला. दोन्ही उत्तरं त्यांची असतात. मग नळी त्यांच्या हातात द्या. खरंच, पाकिटातली नवीन नळी बघायला मागा, सिस्टर देतात. तिला बोट लावून बघितलं की भीतीचा आकार कमी होतो. आणि हे सगळं समजल्यावरही ते नाही म्हणाले, तर तो त्यांचा अधिकार आहे. मग सर्जन आणि आहारतज्ज्ञ दुसरा मार्ग शोधतील. तो कदाचित दुय्यम असेल, पण फसवून घातलेली नळी पेशंट रात्रीत उपसून काढतो.

ते हो म्हणाले तर पुढच्या दिवसांसाठी थोडं.

पहिल्या दिवशी नळीतून इतकं कमी सोडतील की दादा पुन्हा भडकेल. तासाला वीस-तीस मिली, थेंब थेंब. भडकू देऊ नका. महिनोन्महिने कमी खाल्लेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय अडचणीत येतं. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवण मिळालं आणि त्यातच काहींचा जीव गेला, ते यामुळे. तीन-सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन घटलेला माणूस या धोक्याच्या यादीत असतो, म्हणजे बाबा आहेत. म्हणून आधी व्हिटॅमिन बी-१, रोज रक्ततपासणी, आणि सुरुवातीला दिवसाला पाचशे कॅलरींइतकंच. पूर्ण मापावर यायला बरेच दिवस लागतील.

त्या बारीक नळीत आईंची पेज घालायची नाही. लगेच तुंबते, आणि बदलायची तर पुन्हा दुर्बीण. तिच्यासाठी तयार मिळणारा पातळ आहारच वापरतात. त्याचा खर्च जड जात असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. लाज वाटून घेऊ नका, ते लोक त्यासाठीच बसलेत. गोळ्या कुटून नळीत घालण्याआधी प्रत्येक वेळी विचारा. आहाराआधी आणि नंतर नळीत पाणी मारतात की नाही, इकडे लक्ष ठेवा. उशी-पाठ उंच. ज्या वाचकांच्या घरी जठरापर्यंतची जाड नळी आहे आणि घरचं कालवून देताय त्यांच्यासाठी: मिक्सर आणि हात स्वच्छ, पाणी उकळलेलं, आणि मुंबईच्या हवेत कालवलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उरलं तर टाका, पुढच्या वेळेसाठी नको.

ऑपरेशनआधीच्या उपासाबद्दलही बोलायला हवं, कारण गुडघ्याच्या, हर्नियाच्या पेशंटांचे फोन मला यावरूनच येतात. रात्री बारापासून तोंडात काही नाही, यादी लांबते, दुपारचे चार वाजतात आणि मग ऑपरेशन उद्यावर जातं. असे दोन-तीन दिवस उपासातच गेलेली माणसं मी पाहिली आहेत. भूलतज्ज्ञांचा आजचा सर्वसाधारण नियम असा: घन पदार्थ आणि दूध ६ तास आधी बंद, पण स्वच्छ पातळ, म्हणजे पाणी किंवा गाळलेला, गर नसलेला रस, २ तास आधीपर्यंत चालतो. दुधाचा चहा स्वच्छ पातळात येत नाही. तेव्हा "मला पाणी किती वाजेपर्यंत?" हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारा, आणि ऑपरेशन रद्द झालं की त्याच मिनिटाला सिस्टरला "आता जेवण द्यायचं ना?" हे विचारा. तुमच्या बाबांना हा नियम लागू नाही, ताई. त्यांचं जठर रिकामं होत नाही, त्यांच्यासाठी वेगळी तयारी करतील.

ऑपरेशननंतर पूर्वी "वारा सरला का" हे कळेपर्यंत तोंडात थेंब घालत नसत. १९९० नंतर डेन्मार्कच्या डॉ. हेन्रिक केलेट यांच्यासारख्या सर्जननी हे उलटवलं. आता बऱ्याच ऑपरेशनांत लवकर घोट-घोट सुरू करतात आणि लवकर चालवतात. बाबांच्या जठरावरच टाके असल्याने त्यांचा वेग सर्जन ठरवतील. कदाचित ऑपरेशनच्या वेळीच आतड्यात एक छोटी नळी ठेवतील, दचकू नका.

घरी आल्यावर दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं. जठर लहान झाल्यावर गोड झपकन आतड्यात उतरतं आणि घाम, धडधड, चक्कर येते. म्हणून भेटायला येणाऱ्यांचे पेढे, आईंचा शिरा, साखरेचा दाट चहा नको. अंडं, दही, मऊ पनीर, आणि लालबागच्या घरात हे सांगायला नको, ओले बोंबील. त्यांच्याइतकं मऊ प्रोटीन शोधून सापडणार नाही. जेवताना पाणी कमी, मधल्या वेळात जास्त. जठर पूर्ण काढलं तर बी-१२ची इंजेक्शनं कायमची लागतात, थोडं काढलं तरी तपासणी लागते. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेलं नसेल तर लिहून मागा. दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी, वजन करा आणि त्याच वहीत टाका. बाकी वाचकांनी काट्याचीही वाट बघू नये. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, अंगठी फिरायला लागली, कवळी ढिली होऊन जेवण टाळलं जातंय असं दिसलं, तर ऑपरेशनची तारीख घ्यायला जाल तेव्हाच हे सर्जनना सांगा.

हे पत्र दादाला वाचायला द्या, पण बाबांशी बोलणं झाल्यावर. आणि उद्या डबा परत नेताना आईंच्या हातात देण्याआधी झाकण उघडून आत किती उरलंय ते बघा. वहीची पहिली नोंद तीच.